स्ट्रायकरला हात लावू नका

या खेपेला पत्रांत दारंच दारं आहेत. पावसाळा उलटला की दरवर्षी असंच होतं. चार महिने गाडी झाकून ठेवलेली असते, दसऱ्याला पुसायला म्हणून कव्हर काढतात आणि मग दार उघडताना कुरकुरतं, लावताना खालच्या पट्टीवर आपटतं. त्यातलं रत्नागिरीचं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. ड्रायव्हरकडचं दार उघडलं की लॉकच्या बाजूनं करंगळीभर खाली येतं. लावताना हँडलला धरून वर उचलावं लागतं आणि मगच आपटावं लागतं. इथल्या एका डेंटरनं लॉकचा स्ट्रायकर खाली सरकवून दिला. चार महिने बरं चाललं, आता पुन्हा तेच. तो म्हणतो, बिजागऱ्या थेट पिलरला वेल्डिंग करून टाकू, कायमचा प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो, कुर्ल्याहून भंगारातलं अख्खं दार आणा. घरचे म्हणतात, गाडीच काढून टाक. काका, काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न बिजागरीचा नाही, त्यात मी पडत नाही. बाकीचं सांगतो.

आधी स्ट्रायकर. तो लॉककडच्या पिलरवर, म्हणजे दाराशेजारच्या पत्र्याच्या उभ्या खांबावर असतो, दाराचं लॉक त्याला पकडतं. बिजागऱ्या असतात त्या पुढच्या पिलरवर. त्याचं काम तेवढंच. दार उचलून धरणं हे त्याचं काम नाही, ते बिजागऱ्यांचं. दार खाली आलं म्हणून स्ट्रायकर खाली घेतला, म्हणजे पाय लंगडा झाला म्हणून उंबरा तासला. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मीच केलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचा गाळा घेऊन दोनच वर्षं झाली होती. एका डॉक्टरांची अँबेसिडर दाराच्या तक्रारीसाठी यायची. पाच मिनिटांचं काम, पैसेही मागवत नसत, म्हणून मी दर वेळी स्ट्रायकर थोडा खाली घ्यायचो. असं तीनदा केलं. लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या 'टक'ला दार नुसतं अडकतं, दुसऱ्या 'टक'ला पक्कं बसतं. माझ्या उपद्व्यापानं त्या दाराचा दुसरा टप्पा लागतच नव्हता आणि ते कुणाला कळलं नाही. करूळ घाटात डाव्या वळणावर दार उघडलं. डॉक्टर स्टिअरिंगला धरून होते म्हणून वाचले. मांडीजवळची बॅग तेवढी रस्त्यावर गेली. परत आले तेव्हा मला एक शब्द बोलले नाहीत, नुसती किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून स्ट्रायकरला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

आता दार लटकतं कशानं ते बघू. काच, लॉक, हँडल धरून दार वीस किलोचं समजा. त्याचं वजन बिजागरीपासून साधारण पन्नास सेंटिमीटरवर पडतं आणि वरच्या-खालच्या बिजागरीत अंतर असतं पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास. वीस गुणिले पन्नास भागिले पस्तीस, म्हणजे वरची बिजागरी सतत साडेअठ्ठावीस किलोनं बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोरानं आत दाबली जाते. हे नुसतं दार उघडं ठेवलं तर. वडिलांचं वय झालं की सीटवरून उठताना माणूस दाराच्या वरच्या कडेला धरून उठतो. त्यानं पंचवीस किलोचा भार टाकला आणि ती कड बिजागरीपासून पंचाण्णव सेंटिमीटरवर असली, तर आणखी अडुसष्ट किलो. तेही रोज, वर्षानुवर्षं. म्हणून घरच्या गाडीत ड्रायव्हरचं दार आधी जातं आणि त्यातही वरची बिजागरी. टॅक्सीचं निराळं. तिथं गिऱ्हाईक चढतं-उतरतं ते डावीकडच्या मागच्या दारानं, त्यामुळे आधी ते जातं.

म्हणून कुर्ल्याच्या भंगाराबद्दल आत्ताच सांगून टाकतो. पद्मिनी बनायची कुर्ल्याच्या कारखान्यात आणि तिचं भंगारही बरंचसं कुर्ल्यालाच, हा एक योगच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा भंगारात दार मिळालं तर ते टॅक्सीचं असण्याची शक्यता जास्त. दिवसाला वीस भाडी आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वीस वर्षांत मागचं दार एक लाख वीस हजार वेळा उघडलंय. ड्रायव्हरचं दार तेवढं उघडत नाही, पण ड्रायव्हर दिवसभर काच खाली करून त्यावर कोपर टेकून बसतो. तुमचं दार दिवसाला चारदा उघडलं असं धरलं तरी अडतीस वर्षांत साडेपंचावन्न हजारच होतात. म्हणजे पैसे आणि गाडीभाडं घालून तुम्ही स्वतःच्यापेक्षा जास्त झिजलेली बिजागरी घरी आणणार. वर त्या दाराचा पत्रा, रंग, त्रिकोणी काचेची चौकट, सगळं जुळवत बसायचं. पत्रा खालून कुजला असेल तरच दार बदला.

आता तुमच्या दाराची तपासणी. याला मेकॅनिक लागत नाही, फक्त एक माणूस मदतीला घ्या. दार अर्धं उघडा. त्यांनी लॉकच्या बाजूनं दार दोन्ही हातांनी हळूहळू वर उचलायचं आणि सोडायचं. आपटायचं नाही, श्वास घेतल्यासारखं वर-खाली. बिजागरीला दोन पानं असतात, एक पिलरला आणि एक दाराला, आणि मधून पिन जाते. तुम्ही खाली बसून वरच्या बिजागरीला बोट लावा, असं की अर्धं बोट एका पानावर आणि अर्धं दुसऱ्या पानावर. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. दोन पानं एकमेकांपासून हलत असतील तर पिन आणि तिचं भोक झिजलंय. पानं एकमेकांशी हलत नाहीत, पण पिलरकडचं अख्खं पान पिलरवर सरकतंय, तर स्क्रू ढिले आहेत. आणि पान पिलरला घट्ट आहे, पण पिलरचा पत्राच डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतोय, तर रोग बिजागरीत नाहीच. तो पिलरच्या गंजात आहे. खालच्या बिजागरीलाही असंच बोट लावून बघा. बोट फटीत घालू नका, सांध्यावर बाहेरून ठेवा.

तुम्ही कोकणात आहात म्हणून पिलरवर जरा जास्त वेळ घालवा. खारी हवा आणि पाऊस. पिलरच्या आत बिजागरीच्या मागं जाड पट्टी असते, स्क्रू तिच्यात बसतात. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आत-बाहेर, तोच गंजला तर पट्टी धरणार कशाला? पुढच्या मडगार्डच्या आतून टॉर्च मारून बघा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम, बिजागरी नंतर.

आणखी एक गोष्ट, जी बघायला एक मिनिट लागतं आणि कुणी बघत नाही. दार जोरात हलवा आणि कान द्या. आत पाणी डुचमळतंय? दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती माती आणि पानांनी बुजतात. मग काचेच्या फटीतून आलेलं पाणी दारातच साठतं. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो वजन फुकटचं, आणि वर आतून गंज. खराट्याची काडी घाला भोकांतून, तारेनं खरवडू नका, रंग जातो. गेल्या वर्षी एका गाडीच्या दारातून पाण्याबरोबर मुलांनी टाकलेली पावलीची नाणी निघाली होती. मालकानं ती मोजून घेतली.

तुमच्या वर्णनावरून, करंगळीभर उतरलंय आणि स्ट्रायकर हलवूनही चार महिन्यांत परत आलंय, म्हणजे माझी पैज पिनेवर आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडे अशीच एक पद्मिनी होती, तिची मापं सांगतो म्हणजे अंदाज येईल.

वरच्या बिजागरीची पिन ठोकून काढली आणि रॉकेलमध्ये धुतली. उसाचं कांडं बघा कसं असतं, पेराजवळ जाड आणि मध्ये कंबर. तशी ती पिन झाली होती. जे टोक एका पानात घट्ट बसतं तिथं व्हर्नियरनं ८.० मिलिमीटर, आणि जिथं दुसरं पान फिरतं तिथं ७.१. भोकाचंही तसंच. एका दिशेनं मोजलं तर ८.१ आणि वजन ज्या बाजूला ओढतं त्या दिशेनं ८.९. गोल भोक अंड्यासारखं झालेलं. म्हणजे वर एकूण १.८ मिलिमीटरचा खेळ. खालच्या बिजागरीत ०.८. दोन्ही मिळून २.६. आता दाराच्या मघाच्या पंचाण्णवला दोन बिजागऱ्यांतल्या पस्तीसनं भागा, २.७ येतात. बिजागरीतला एक मिलिमीटर लॉककडे पोचेपर्यंत २.७ होतो. तर २.६ चे झाले सात मिलिमीटर. मालक म्हणत होता, 'एवढीशी पिन, तिच्यानं काय होतंय?' त्याला मी ही पिनच हातात दिली.

यावर उपाय नवी पिन आणि बुश, म्हणजे भोकात दाबून बसवायचं धातूचं अस्तर. कसं ते सांगतो, म्हणजे लेथवाल्याशी बोलताना तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही.

नुसती जाडी पिन घालू असं कुणी म्हणेल. अंड्यासारख्या भोकात जाड गोल पिन घातली की ती दोनच ठिकाणी टेकते आणि वर्षभरात परत ढिली. भोक आधी गोल करून घ्यावं लागतं. तेही ड्रिलनं नव्हे. जुन्या वेड्यावाकड्या भोकात ड्रिल घातलं की ते झिजलेल्या बाजूकडेच पळतं आणि भोक तिरकं होतं. पानांच्या ज्या नळ्यांतून पिन जाते, त्या दोन्ही नळ्यांचा मध्य एका रेषेत राहिला नाही, तर दार उघडताना एका जागी अडकतं आणि पुढं सैल पडतं. म्हणून पान लेथवर किंवा मिलिंगवर बांधून, न झिजलेल्या कडेवरून मध्य धरून बोअर करायचं आणि शेवटी रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार. रीमर नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानाही. उलटा फिरवला की धार जाते आणि भोकाला चरे पडतात. पोरं हे विसरतात, मी ओरडतो.

त्या पद्मिनीला मी भोक ११ मिलिमीटरचं केलं. नळी बाहेरून १६ ची होती, म्हणजे सगळीकडून अडीच मिलिमीटर भिंत राहिली. याहून पातळ भिंत मला आवडत नाही. आत गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा, बुश दाबून बसवला, बाहेरून ११ पेक्षा दोन-तीन शतांश जास्त, म्हणजे व्हाइसमध्ये जोर लावूनच जाईल. कोल्हापुरात गनमेटलची कमी नाही, शेतीपंपांच्या आणि ऑइल इंजिनांच्या धंद्यावर उद्यमनगर उभं राहिलंय. रत्नागिरीत गनमेटल मिळालं नाही तर पितळही चालेल, जरा लवकर झिजेल एवढंच. बुश दाबला की आतून तो किंचित आवळतो, म्हणून आतलं माप आधी पूर्ण करायचं नाही. आधी दाबायचा, मग रीमर मारून ८.०५ करायचं. पिन ८ ची. जास्त घट्ट केली तर पहिल्या दिवशी मालक खूश होतो आणि आठवड्यात करकर सुरू होते.

बुशला वर कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, ठेवायला सांगा. दार खाली बसतं तेव्हा एक पान दुसऱ्यावर घासतं, ती झीज कॉलर घेते. पण कॉलर दीड मिलिमीटरची ठेवली तर नळीचं तोंड तेवढंच फेस करून, म्हणजे तासून, घ्यायला लावा, नाहीतर दार दीड मिलिमीटर वर चढेल आणि मग तुम्ही मलाच पत्र लिहाल.

पिनेसाठी मी ईएन-८ पोलाद घेतो. बोल्ट कापून पिन करणारे खूप आहेत. बोल्टचा साधा भाग असेल तर एक वेळ मान्य, पण आटे असलेला भाग बुशमध्ये आला की ती पिन राहत नाही, कानस होते. आणि खिळा घालणाऱ्याला तर मी दारात उभा करत नाही.

वेल्डिंगचं आता सांगतो. बिजागरीचं पान चार-पाच मिलिमीटर जाड आणि पिलरचा पत्रा एक मिलिमीटर. पान तापेपर्यंत पत्रा जळून जातो. पत्रा जळला की रंग आणि आतला गंजरोधक थरही गेला. कोकणात तिथून दोन पावसाळ्यांत तांबेरा फुटेल. पुन्हा, तुमचा खेळ पिनेत आहे आणि डेंटर वेल्डिंग करणार पानाला. पिन ढिलीच राहणार! फक्त पुढं कधी बिजागरी काढायची झाली तर गॅसनं कापावी लागेल. एवढं सगळं करून दार दोन मिलिमीटर इकडं-तिकडं सरकवायची सोयही गेली. डेंटर वाईट माणूस असेल असं नाही, त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे आणि लेथ नाही, एवढाच त्याचा दोष.

दार उतरवायचं कसं? आदल्या रात्री सगळ्या स्क्रूंवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बिजागरीच्या कडेनं टोकदार सुईनं पिलरवर रेघ ओढा, परत बसवताना तीच तुमची खूण. दार उघडं राहायला मधली पट्टी असते ती आधी सोडवा. ती सोडल्यावर दार पूर्ण उघडू देऊ नका, मडगार्डला चोच मारतं. दाराखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर घरातली जुनी गोधडी. एक माणूस दार धरायला हवाच. स्क्रू सुटत नसेल तर साध्या स्क्रू ड्रायव्हरनं हट्ट करू नका, डोकं गोल झालं की दिवस गेला. हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कुठल्याही गॅरेजात असतो. दोन-तीन फटके द्या, स्क्रू दचकून सुटतो.

बसवताना स्ट्रायकर काढून ठेवा. पूर्ण काढून. मग दार आपल्या वजनानं कुठं बसतं ते खरं कळतं. मागच्या दाराची फट आणि कमरेची रेघ बघत पुढचं दार जुळवा, मागचं दार जागेवर आहे असं धरून. ते पण उतरलं असेल तर आधी ते, कारण पुढचं त्याच्यावर जुळतं आणि मडगार्ड सगळ्यात शेवटी. लॉकच्या बाजूला दार मिलिमीटरभर वर ठेवा, रबर दबलं आणि काच वर-खाली झाली की ते बसतं. हे सगळं झालं की मग स्ट्रायकर लावा, अर्धवट आवळा, दार हळू बंद करा. लॉक स्वतःची जागा दाखवतं. तिथं आवळून टाका.

लेथचं काम अर्ध्या दिवसाचं, दार काढ-घाल धरून एक पूर्ण दिवस. दोन्ही बिजागऱ्या एकदमच करा. वरची नवी आणि खालची जुनी ठेवलीत तर सगळी मेहनत नव्या बुशवर येते. आणि ती दाराची मधली पट्टी तुटलेली असेल तर तीही नवी घाला. ती नसली की घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात दार पूर्ण उलगडतं आणि बिजागरीला पहारीसारखं उचकटतं.

प्रश्न : माझी जुनी महिंद्रा जीप आहे. दारांच्या बाहेरच्या बिजागऱ्यांना दर महिन्याला ग्रीस लावतो, तरी करकरतात आणि काळं पाणी ओघळून रंग खराब होतो. ग्रीस कोणतं वापरू? — एक वाचक, जत

उत्तर : ग्रीस वापरू नका. जतची धूळ आणि उघडी बिजागरी. ग्रीसला धूळ चिकटली की तो व्हॉल्व्ह घासायचा मसाला होतो. ओघळतंय ते काळं तुमच्या बिजागरीचंच लोखंड आहे, भुकटी होऊन. आधी रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन काळं थांबेपर्यंत धुवा. मग इंजिन ऑइलचे दोन थेंब पिनेच्या वरच्या तोंडावर, दार दहा-बारा वेळा उघडबंद करा आणि बाहेर आलेलं फडक्यानं पुसून घ्या. बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नाही. ज्याचं काम आहे ते आत गेलेलंच असतं. महिन्यातून एकदा पुरे. आणि कृपा करून खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं. वास मात्र छान येतो, हे कबूल.

प्रश्न : मारुती ८०० ला चारही दारांना नवीन रबर बसवलं. तेव्हापासून दारं आपटावी लागतात. मेकॅनिक म्हणतो बिजागऱ्या गेल्या, पिना बदला. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : चारही दारांच्या बिजागऱ्या एकाच दिवशी, रबर बसवलं त्याच दिवशी गेल्या का? एक कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून बघा. सगळीकडे चिमटीसारखी घट्ट असेल तर रबर जाड आहे किंवा अजून नवं आहे. उन्हात आठ-दहा दिवस दारं लावून गाडी ठेवा, दबेल. नाही दबलं तर रबर मूळ मापाचं नाही, दुकानदाराला परत करा. पिनेला हात लावू देऊ नका.

प्रश्न : ओम्नीचं सरकतं दार मागं नेताना मध्येच उडी मारतं. याला पण बिजागरीच म्हणायची का? — एक वाचक, फलटण

उत्तर : म्हणा की, काम तेच आहे. तिथं पिनेच्या जागी रोलर असतात. खालचा रोलर बहुतेक संपलाय, कारण वजन त्याच्यावर असतं आणि पायातली माती त्याच्याच पट्टीत पडते. पट्टी आधी झाडा. शाळेची मुलं नेत असाल तर तिथं पेन्सिलीचे तुकडे सापडतील, मला दर वेळी सापडतात. मग दार अर्ध्यावर आणून खालून उचलून बघा. खडखडलं तर रोलर नवा घाला, तयार मिळतो. पट्टीची कड वाकली असेल तर रोलर घालण्याआधी ती पकडीनं सरळ करा, नाहीतर नवा रोलरही तिथंच उडी मारेल.

रत्नागिरीच्या ताईंना एक राहिलंच. जुनी पिन लेथवाल्याकडे टाकून येऊ नका. धुऊन, न झिजलेल्या टोकाचं माप कागदावर लिहून, ती गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढं कधी डावीकडचं दार उतरलं तर लेथवाला आधी तेच माप मागणार आहे.